गाठींच्या दोरीवर राज्याचा हिशेब

बाजाराला निघताना एखादी वस्तू आणायची विसरू नये म्हणून आपल्याकडची जुनी माणसे पदराला किंवा उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवीत. बाजारात पैसे काढताना गाठ हाताला लागली की वस्तू आठवायची. मनाशी एखादी गोष्ट पक्की केली की ‘खूणगाठ बांधली’ असे आपण अजूनही म्हणतो. पण पदराची गाठ एकच गोष्ट आठवून देते. अशाच गाठींवर सबंध गावाचा, परगण्याचा आणि शेवटी एका मोठ्या राज्याचा हिशेब ठेवला जात होता, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का?

पण हे खरे आहे. दक्षिण अमेरिका खंडात आज जेथे पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर हे देश आहेत, तेथे पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इंका लोकांचे राज्य होते. त्यांच्याकडे आपल्यासारखी लिपी नव्हती. कागद नव्हता, बोरू नव्हता, शाई नव्हती. तरीही कोणत्या गावात किती माणसे, कोणत्या कोठारात किती मका, कोणाकडून किती काम येणे आहे, याची नोंद त्यांच्यापाशी तयार असे. ही सारी नोंद दोऱ्यांना मारलेल्या गाठींत होती. या दोऱ्यांच्या जुडग्याला ते त्यांच्या केचुआ भाषेत ‘खिपू’ म्हणत. खिपू म्हणजे गाठ.

डोंगरातले राज्य

हे राज्य अँडीज पर्वताच्या रांगेवर उत्तर-दक्षिण असे सुमारे चार हजार किलोमीटर पसरले होते. राजधानी कुस्को हे शहर समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर. माणसे एक कोटीच्या आसपास असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बैल नाही, घोडा नाही, गाडी नाही, लोखंडी फाळही नाही. पायाने दाबून माती उलटायची लाकडी अवजारे घेऊन लोक डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते करीत. ओझ्याला लामा नावाचे मेंढीहून मोठे, उंच मानेचे जनावर असे. मका, किनोआ आणि बटाटा ही त्यांची मुख्य पिके. आपल्या घरात रोज शिजणारा बटाटा मूळचा याच डोंगरातला. तो समुद्र ओलांडून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि त्याचे ‘बटाटा’ हे नावही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले.

इंका राज्यात नाणे चालत नव्हते. मग शेतसारा कसा घेत? तर श्रमाच्या रूपाने. गावाच्या जमिनीचे तीन वाटे असत, असे जुन्या लेखकांनी लिहून ठेवले आहे. एक देवाचा, एक राजाचा आणि एक गावकऱ्यांचा. देवाच्या आणि राजाच्या जमिनीवर प्रत्येक घराने पाळीपाळीने राबायचे. शिवाय रस्ते, पूल, विणकाम, सैन्य यांसाठीही पाळी यायची. या पाळीला ‘मिता’ म्हणत. पाळीवर आलेल्या माणसांचे खाणेपिणे सरकारने करायचे, असा रिवाज होता.

राजाच्या शेतातले पीक कोठारात जाई. वानुको पाम्पा या एकाच ठिकाणी टेकडीच्या उतारावर सुमारे पाचशे कोठारे ओळीने बांधलेली होती. हाउहा नावाच्या सुपीक खोऱ्यात तर दोन हजारांहून जास्त कोठारे होती. वानुको पाम्पाला मक्यासाठी गोल कोठारे आणि बटाट्यासारख्या कंदांसाठी चौकोनी, अशी वाटणी असे. रात्रीच्या कडाक्यात गोठवलेला, दिवसा उन्हात वाळवलेला आणि पायांनी तुडवून पाणी काढलेला बटाटाही तेथे साठवीत. तो वर्षानुवर्षे टिके. सैन्याची वाट असो की दुष्काळ असो, या साठ्यावर भागे.

आता तुम्हीच विचार करा. घरच्या दोन कणग्यांचा हिशेब ठेवताना आपली तारांबळ उडते. मग हजारो कोठारांत काय आले, काय गेले, कोणत्या घराची पाळी झाली, कोणाची राहिली, हे लिहिल्यावाचून कसे लक्षात ठेवायचे? त्याचे उत्तर खिपूत होते.

दोरी कशी वाचायची?

खिपूची रचना अगदी सोपी. एक जाड आडवी दोरी. तिला खाली लोंबणाऱ्या बारीक दोऱ्या बांधलेल्या. कधी दहा-वीस, कधी शेकडो. काही दोऱ्यांना आणखी पोटदोऱ्या. दोऱ्या बहुतेक कापसाच्या, काही लामा किंवा अल्पाका या जनावरांच्या लोकरीच्या. त्या भागातला कापूस बोंडातच पांढरा, बदामी, तपकिरी अशा रंगांचा निघे. त्यात रंगवलेल्या दोऱ्यांची भर पडे. रंगावरून दोरी कशाची हे ओळखायला मदत होई.

गाठींचे गणित बराच काळ कोणाला उलगडत नव्हते. लेलंड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९१२ साली ते मांडून दाखवले. गाठी आपल्याच दशमान पद्धतीने, म्हणजे एकं, दहं, शतं अशा स्थानांवर मारलेल्या होत्या.

घरात सुतळीचा तुकडा असेल तर मुलांना घेऊन बसा आणि करून पाहा. समजा ३४५ हा आकडा बांधायचा आहे. सुतळीचे वरचे टोक खुंटीला अडकवा. वर, खुंटीजवळ तीन साध्या गाठी जवळजवळ मारा. हे झाले तीन शतक. मग चार बोटे जागा सोडून चार साध्या गाठी मारा. हे झाले चार दशक. पुन्हा जागा सोडा आणि खाली टोकाकडे पाच वेढ्यांची एक लांब गाठ मारा. हे झाले पाच एकक. एककाची गाठ अशी वेगळी असल्यामुळे आकडा कोठे संपला ते लगेच कळते.

मग एककात एकच असेल तर? एका वेढ्याची लांब गाठ ही साध्या गाठीसारखीच दिसणार आणि घोटाळा होणार. म्हणून एक या आकड्यासाठी त्यांनी इंग्रजी आठच्या आकाराची निराळी गाठ ठेवली होती. आणि शून्य असेल तर? त्या जागी गाठच मारायची नाही. ३०२ हा आकडा असेल तर वर तीन गाठी, मधली दशकाची जागा मोकळी आणि खाली दोन वेढ्यांची गाठ. शून्याला गाठ नसली तरी त्याची जागा राखलेली होती.

काही खिपूंत आडव्या दोरीवरून वरच्या बाजूला जाणारी एक दोरी असे. लॉकने त्या दोरीवरच्या गाठी मोजल्या, तेव्हा खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांवरच्या आकड्यांची बेरीज आणि त्या दोरीवरचा आकडा जुळला. म्हणजे आपल्या वहीत पानाच्या तळाशी एकूण रक्कम मांडतात तसेच हे झाले.

बेरीज-वजाबाकी मात्र दोरीवर करीत नसत. ती जमिनीवर मक्याचे दाणे किंवा खडे मांडून करीत आणि उत्तर आले की गाठी मारीत. होसे दे अकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याने १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मक्याच्या दाण्यांचा हा हिशेब वर्णन केला आहे. आपल्या पंडितांना कागद-लेखणी घेऊन जे जमायला वेळ लागे, ते हे लोक दाणे इकडून तिकडे सरकवून बिनचूक करीत, याचे त्याला नवल वाटले होते.

एका गावाला चार हिशेबनीस

खिपू सांभाळणाऱ्या माणसाला ‘खिपुकामायोक’ म्हणत. त्याच्याविषयीची सर्वांत चांगली माहिती गार्सिलासो दे ला व्हेगा या लेखकाने दिली आहे. त्याचा जन्म १५३९ साली कुस्कोत झाला. आई इंका राजघराण्यातली आणि वडील स्पॅनिश सरदार. १६०९ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात तो सांगतो की गाव कितीही लहान असले तरी तेथे निदान चार हिशेबनीस असत. मोठ्या गावात वीस-तीसही असत. आणि हे सारे एकच हिशेब वेगवेगळा ठेवीत. एकाने भागण्यासारखे असताना चार कशाला? तर एकट्याच्या हातात हिशेब असला की तो खोटे करू शकतो. चौघांनी मिळून खोटे करणे अवघड. चौघांच्या दोऱ्या जुळल्या म्हणजे हिशेब खरा.

गावाची दोरी वरच्या अंमलदाराकडे जाई, तेथे अनेक गावांची बेरीज होई आणि ती आणखी वर जाई. लिमा शहराजवळ पुरुचुको येथे १९५६ साली एकवीस खिपू सापडले होते. २००५ साली गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझीन या अभ्यासकांनी ते संगणकावर ताडून पाहिले. खालच्या पायरीच्या खिपूवरील आकड्यांची बेरीज वरच्या पायरीच्या खिपूवर जशीच्या तशी आढळली.

‘आमच्या दोरीत आहे’

१५३२ साली फ्रान्सिस्को पिझारो नावाचा स्पॅनिश सेनानी थोड्या सैनिकांनिशी पेरूत शिरला. काहामार्का या गावी त्याने इंका राजा आताउआल्पा याला कपटाने पकडले, खोलीभर सोने खंडणी म्हणून घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला ठार मारले. राज्य कोसळू लागले.

पण या धामधुमीतही हिशेबनिसांचे काम थांबले नाही. पिझारोचा भाऊ एर्नांदो याने १५३३ सालच्या पत्रात एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याच्या माणसांनी वाटेत कोठारांतून लाकूड, मका, लामा घेतले. तेव्हा कोठारावरच्या माणसांनी आपल्या दोरीच्या एका भागातल्या गाठी सोडल्या आणि दुसऱ्या भागात नव्या मारल्या. साठ्यातून माल कमी झाला, तो कोणी नेला, याची नोंद त्याच वेळी झाली. समोर तलवार घेतलेले लोक उभे आणि हा माणूस शांतपणे गाठी बदलतो आहे, असे ते दृश्य होते.

वर ज्या हाउहा खोऱ्याचा उल्लेख आला, तेथल्या वांका लोकांनी हेच काम वर्षानुवर्षे केले. इंका राजांचे जू त्यांना नकोसे झाले होते, म्हणून त्यांनी स्पॅनिश लोकांना साथ दिली. फौज आली की धान्य, लामा, कापड, वहाणा, सरपण, ओझ्याला माणसे असे सारे पुरवले. जे मागितले ते दिले आणि जे दिले त्याच्या गाठी मारल्या. जे न मागता लुटून नेले त्याच्याही गाठी मारल्या, पण वेगळ्या! दिलेले एका बाजूला आणि लुटलेले एका बाजूला.

सिएसा दे लेऑन हा स्पॅनिश लेखक १५५० च्या सुमारास या खोऱ्यात गेला, तेव्हा त्याचा या दोऱ्यांवर विश्वास बसत नव्हता. म्हणून तेथल्या प्रमुखाने हिशेबनिसांना बोलावले. त्यांनी पिझारो खोऱ्यात आल्यापासून काय काय दिले ते सगळे दोऱ्यांवरून वाचून दाखवले. सिएसा थक्क झाला आणि तसे त्याने लिहून ठेवले.

पुढे १५६१ साली वांका प्रमुख हे खिपू घेऊन लिमा येथल्या राजाच्या न्यायालयात उभे राहिले. तीस वर्षांच्या आसपासचा हिशेब त्यांनी मांडला. हिशेबनीस दोरी हातात घेऊन वाचत होता, दुभाषा स्पॅनिशमध्ये सांगत होता आणि कारकून कागदावर उतरवीत होता. अमक्या सरदाराच्या वेळी इतके लामा, इतका मका, इतके कापड. साल बदलले, सरदार बदलला, तरी मालाचा क्रम बहुधा तोच राही. जॉन मुरा या अभ्यासकाने ही कागदपत्रे तपासताना हे ध्यानात आणून दिले. न्यायालयाने दोरीवरचा हा हिशेब पुरावा म्हणून लिहून घेतला. जेत्यांच्या वह्यांत जे नव्हते, ते जिंकलेल्यांच्या दोरीत होते.

गार्सिलासोची लहानपणची आठवणही अशीच आहे. सेंट जॉनच्या सणाला आणि नाताळात गावोगावचे प्रमुख कर भरायला कुस्कोत येत. कागदावर किती लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नसे आणि स्पॅनिश लोकांच्या सांगण्यावर त्यांचा भरवसा नसे. मग ते या मुलाच्या आईकडे जाऊन, ‘तुमच्या मुलाला जरा पाठवा,’ अशी विनंती करीत. मुलाला कागदही वाचता येई आणि गाठीही. तो दोन्ही ताडून पाही आणि जुळले की त्यांना तसे सांगे. मगच त्यांचे समाधान होई. वाचकहो, न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा देण्याची वेळ आपल्याही आज्या-पणज्यांवर आली होती. कुस्कोतल्या त्या गावकऱ्यांना काय वाटत असेल हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

गाठी मुक्या झाल्या

पण दिवस पालटले. १५८३ साली लिमा येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने, जुन्या देवधर्माच्या नोंदी असलेले खिपू काढून घेऊन नष्ट करावेत असे ठरवले. कचेऱ्यांत कागदाला मान आला. गाठी वाचणारी माणसे म्हातारी होऊन गेली आणि त्यांच्यामागे शिकणारे उरले नाहीत. आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून हजाराच्या वर खिपू आहेत. त्यांतला सर्वांत मोठा संग्रह जर्मनीत बर्लिनला आहे. त्यांवरचे आकडे वाचता येतात, पण ते आकडे माणसांचे, लामांचे की मक्याचे, हे बहुतेक ठिकाणी सांगता येत नाही.

तरी कोडे हळूहळू सुटते आहे. पेरूतल्या इन्कावासी येथे २०१३ नंतर झालेल्या उत्खननात कोठारांत खिपू सापडले, ते पिकांच्या अवशेषांबरोबरच. एक भुईमुगाच्या शेंगांपाशी, एक मिरचीपाशी, तर एक काळ्या घेवड्यापाशी. म्हणजे दोरी कशाच्या हिशेबाची ते पिकानेच सांगितले. तेथल्या काही दोऱ्यांवर एकूण आकडा, त्यातून वजा होणारा ठरावीक आकडा आणि उरलेली बाकी असा मेळ दिसतो. वजा केलेला भाग सरकारी वाटा असावा, असा अंदाज आहे.

पेरूच्या सांता खोऱ्यातले सहा खिपू १६७० सालच्या एका करनोंदीशी जुळतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्या नोंदीत १३२ करदाते आहेत आणि खिपूंत जवळजवळ तितकेच दोऱ्यांचे गट. ही जुळणी तपासण्याचे काम मॅनी मेड्रॅनो नावाच्या मुलाने केले, तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षात होता.

आणखी एक शोध २०२५ सालचा. सुमारे १४९८ सालच्या एका खिपूची मुख्य दोरी माणसाच्या लांब केसांची वळलेली आहे. त्या केसांवरून माणसाचे खाणे काय होते ते तपासले, तर ते मांस आणि मका खाणाऱ्या बड्या घराचे निघाले नाही. कंद आणि भाजीपाल्यावर राहणाऱ्या साध्या माणसाचे निघाले. तोवर समज असा होता की खिपू करणे हे बड्या अधिकाऱ्यांचेच काम. आता दिसते की साधी माणसेही गाठी मारीत असावीत. गुराख्यांकडे तर ही रीत फार काळ टिकली. मालकाच्या कळपातली जनावरे किती, व्याली किती, मेली किती, हे सांगायला डोंगरातले गुराखी विसाव्या शतकापर्यंत साध्या गाठींच्या दोऱ्या ठेवीत.

लिमाच्या वरच्या डोंगरात तुपिकोचा नावाचे गाव आहे. तेथे पूर्वापार भाऊबंदकीच्या गटांनी आपापला खिपू जपून ठेवला आहे. फ्रँक सॉलोमन या अभ्यासकाने २००४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. जानेवारीत गावची वार्षिक सभा भरते, नवे कारभारी नेमले जातात आणि तो खिपू त्यांच्या खांद्यावरून आडवा घातला जातो. त्यातल्या गाठी गावात कोणाला वाचता येत नाहीत. तरी कारभार हाती घेणाऱ्याने हिशेबाची दोरी अंगावर वागवायची, हा रिवाज तेथे राहिला.

आपल्याला आता सुतळीला गाठी मारायची गरज नाही. घरात वही आहे, लिहिणारी मुलगी-मुलगा आहे. बियाण्याला किती गेले, मजुरी किती दिली, बाजारात माप किती भरले, कोणाला काय दिले आणि कोणी काय नेले, हे त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. हाउहाच्या लोकांनी तीस वर्षे तेवढेच केले होते. आणि वही एकट्याच्या हातात राहू देऊ नका. घरातल्या दोघांना तरी ती वाचता आली पाहिजे.